सोन्याच्या खाणीवरचा थरारपट: 'गोल्ड' की 'केजीएफ'?

मित्राने विचारलंय रविवारी कुठला लावू, १९७४ चा रॉजर मूरवाला 'गोल्ड' की २०१८ चा 'केजीएफ चॅप्टर १', आणि दोन्हीत सोन्याची खाण आहे म्हणून तो अडकलाय.

आधी खाण बघू, कारण खरा फरक तिथेच आहे. 'गोल्ड'चं बरंच शूटिंग दक्षिण आफ्रिकेतल्या खऱ्या खाणींत झालंय, ते दिसतं. खाली उतरणारा पिंजरा, हेल्मेटचे दिवे, घामेजलेले कामगार. कटही खाणीतूनच निघतो, शेजारचा पाण्याचा साठा फोडून खाण बुडवायची म्हणजे सोन्याचा भाव चढेल. पाणी शिरायला लागलं की अक्षरशः श्वास अडकतो. 'केजीएफ'मधली 'नराची' नावाची खाण मात्र धुळीने काळवंडलेली छळछावणीच, तिथे सोनं कसं निघतं यापेक्षा मजुरांचे हाल आणि नायक रॉकीचा दरारा महत्त्वाचा, आणि तो दरारा अभिनेता यशने जबरदस्त उभा केलाय हे मान्यच करायला पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर 'गोल्ड' दोन तासांत गोष्ट संपवतो, 'केजीएफ' अडीच तासांच्या वर जातो आणि तरी पुढचं कळायला दुसरा भाग बघावाच लागतो. 'गोल्ड'मधली लव्हस्टोरी मात्र रेंगाळते, आणि काळ्या कामगारांकडे बघायची त्या काळची नजर आज खटकते.

घरचे सगळे मिळून आवाज मोठा करून बघणार असाल तर 'केजीएफ', हिंदीतही आहे. जमिनीखालची भीती अनुभवायची असेल आणि इंग्रजी चालत असेल तर डोळे झाकून 'गोल्ड'.