सरकणारा ल्युअर, तीनचं पाकीट: एक सीझन वापरून

पाकिटात तीन ल्युअर (माशाला भुलवायचं खोटं आमिष) होते, गुलाबी, हिरवा आणि निळा-चंदेरी. किनाऱ्यावरून सॅमनसाठी गळ टाकणाऱ्यांना बझ बॉम्ब हे नाव माहीत असेलच, कॅनडात ब्रिटिश कोलंबियाकडे जन्माला आलेला जुना ल्युअर आहे तो, तर माझा माल त्याच धर्तीवर दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला आहे आणि त्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली बऱ्याच तक्रारी येणारेत. पाचापैकी साडेतीन देते. ते साडेतीन कल्पनेला आहेत, बनावटीला द्यायचे असते तर दोन दिले असते.

ज्यांनी हा प्रकार हातात धरला नाहीये त्यांच्यासाठी सांगते. चौकटच्या पत्त्यावरची खूण असते ना, तशी जरा लांब ओढली की कसा आकार होईल, तसा धातूचा तुकडा, मध्ये जाड, दोन्हीकडे निमुळता आणि लांबीतून आरपार भोक. लाईन त्या भोकातून ओवायची, खाली एक रबरी मणी, त्याखाली हूक बांधायचा. म्हणजे ल्युअर कशालाच बांधलेला नाही, लाईनवर मोकळा सरकतो. मला आधी वाटलं हे काहीतरीच, पण याचा खरा फायदा मासा लागल्यावर कळतो. नेहमीच्या जड ल्युअरला मासा लागला की तो डोकं झटकतो आणि त्या लोखंडाच्याच वजनाचा झोका घेऊन हूक तोंडातून उडवून लावतो. इथे झटकलं की ल्युअर लाईनवरून वर निघून जातो, माशाच्या तोंडात फक्त हूक उरतो, झोका घ्यायला काही नाहीच. पिंक या जातीच्या सॅमनचं तोंड मऊ असतं, पटकन फाटतं, त्यामुळे त्याच्यासाठी तर हे फारच कामाचं.

मी वापरला तो प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आत शिरलेल्या समुद्रात, विषम सालात. तिकडे पिंक विषम सालातच मोठ्या संख्येने येतात, कारण त्यांचं आयुष्यच बरोब्बर दोन वर्षांचं, या साली घातलेल्या अंड्यांचे मासे दोन वर्षांनी परत येणार, मधल्या साली जवळजवळ काही नाही. २०२३ झालं, २०२५ झालं, तसं. ऑगस्टमध्ये गर्दी सुरू होते आणि पॉइंट नो पॉइंट किंवा व्हिडबी बेटावरचं बुश पॉइंट अशा ठिकाणी, जिथे खोल पाणी आणि प्रवाह अगदी काठाजवळून जातो, तिथे सकाळी माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. (पॉइंट नो पॉइंटला १८७९ चं दीपगृह आहे, मासा नाही लागला तर निदान ते बघून या.)

पाकीट उघडल्या उघडल्या पहिलं काम, हूक बदला. माझ्यात तीनतोंडी हूक आले होते आणि प्युजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात सॅमनसाठी एकतोंडी आणि बिनकाट्याचाच (टोकाजवळचा उलटा काटा नसलेला) हूक चालतो. मी १/० मापाचे एकतोंडी सिवॉश (लांब दांड्याचे हूक) लावले आणि काटा पक्कडीने दाबून सपाट केला, मग जुन्या टी-शर्टच्या कापडात टोचून परत ओढून बघितला, धागा अडकला नाही म्हणजे झालं. बाकी कुठला मासा ठेवायचा, कुठला सोडायचा, कुठली तारीख, हे दर वर्षी आणि दर भागात बदलतं, तेवढं निघायच्या आधी वाचून जा, आणि मासा ठेवलात तर पकडलेल्या माशांच्या कार्डावर नोंद तिथल्या तिथे करायची असते, घरी जाऊन नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दोन सकाळी मला एकही लागला नाही. मी काय करत होते, तर टाकायचा आणि एका गतीने गुंडाळत आणायचा, चमच्यासारखा जो ल्युअर असतो त्याला करतात तसं. शेजारचे काढतायत, माझ्याकडे शेवाळ. तिसऱ्या दिवशी टाकला आणि तेवढ्यात वाऱ्याने माझी टोपी उडाली, रॉड एका हातात धरून मी वाकडीतिकडी होऊन टोपी पकडायला गेले, ल्युअर आपला मागे बुडत राहिला, टोपी डोक्यावर घालून सैल झालेली लाईन गुंडाळायला लागले तर पलीकडे काहीतरी जिवंत. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की हा ल्युअर ओढताना काही म्हणजे काही करत नाही, जे करतो ते पडताना करतो. वर उचलला की नुसता येतो. सोडला की आडवा होऊन स्वतःभोवती फिरत, थरथरत खाली जातो, जखमी हेरिंग मासा जातो तसा, आणि मासा धरतो तो तेव्हाच.

त्यानंतर माझी पद्धत अशी झाली. टाकला की बुडू द्यायचा, किती ते खोलीवर, मी पाच-सहापर्यंत मोजते आणि मग थोडं थोडं वाढवत जाते. मग रॉडचं टोक कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत चटकन उचलायचं, आणि ल्युअर पडत असताना टोक त्याच्याच मागे खाली न्यायचं. हे खाली नेणंच सगळ्यात अवघड आहे. लाईन ताणून धरली तर ल्युअर फिरतच नाही, धोंड्यासारखा खाली येतो, आणि पूर्ण सोडून दिली तर मासा येऊन गेला तरी पत्ता लागत नाही. जरासा झोळ हवा, इतकाच की पडतानाची ती बारीक गुणगुण हाताला लागत राहील. आणि मासा धरतो तेव्हा हिसका बसेल असं समजू नका. बहुतेक वेळा उलटच होतं, गुणगुण मध्येच थांबते, वजन गायब होतं, जणू ल्युअर तळाला टेकला, पण अजून तळ यायला वेळ आहे हे तुम्हाला माहीत असतं. तिथे उचलायचं. जोरात नाही हं, पिंकला जोरात उचललं की तोंड फाटून हूक हातात. ड्रॅगही, म्हणजे रिळाचा ब्रेक, जरा ढिलाच ठेवा.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे भोकाची कड. पहिल्याच दिवशी हुकाच्या वरची वीतभर लाईन केसाळ झालेली दिसली, मला वाटलं दगडाला घासली असेल, दुर्लक्ष केलं, आणि चौथ्या दिवशी फेकतानाच टक्कन आवाज होऊन गुलाबी ल्युअर एकटाच उडत गेला, इतका लांब मी आयुष्यात कधी टाकला नव्हता. घरी येऊन उरलेल्या दोघांच्या भोकात कापसाचा बोळा फिरवला तर तंतू अडकले, आतून कड ब्लेडसारखी. गोल बारीक कानशीने घासली, आत प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा बसवला, मग त्रास संपला. पण हे मी का करायचं? लाईनवर सरकणारा ल्युअर विकताय आणि ज्या भोकातून लाईन सरकणार तेच गुळगुळीत नाही, म्हणजे मुळातच चूक. तुम्ही कुणाचाही घ्या, दुकानातच भोकात कापूस फिरवून बघा, लोक हसले तर हसू देत.

रंग दुसरी गोष्ट. गोट्यांचा किनारा असेल तर दोन दिवसांत टोकांचा रंग गेलाच म्हणून समजा. हिरव्याचे टवके उडाल्यावर मी गुलाबी नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि खरं सांगू, मूळच्या रंगापेक्षा जास्त टिकले. पिंकला गुलाबीच लागतो असं सगळे म्हणतात, माझ्याही पाहण्यात तसंच आहे, पण उघड्या धातूवरही एक लागला, तेव्हा अगदी देवाज्ञा असल्यासारखं काही नाही.

रबरी मणी थोड्याच दिवसांत कडक होऊन चिरला. मणी गेला की ल्युअर थेट गाठीवर आपटतो आणि गाठ भोकात घुसते, सुटे मणी खिशात असू द्या. वजनाचं म्हणाल तर पाकिटावर तिन्हींचं दोन औंस, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम लिहिलेलं, मी वजनकाट्यावर ठेवले तर निळा ४९ भरला. बुडण्याचा वेग मोजून मासेमारी करणाऱ्याला हा फरक लागतो.

एक त्रास मात्र ल्युअरचा नाही, प्रकाराचाच आहे, तो फिरतो म्हणून लाईनला पीळ पडतो. दोन-अडीच फुटांचा लीडर (लाईनच्या शेवटी जोडायचा वेगळा तुकडा), वर चांगलं स्विव्हल (पीळ सोडवणारी फिरती कडी), आणि ल्युअर लीडरवरच सरकेल असं बांधायचं. फेकल्यावर हवेत हूक लाईनमध्ये गुंतायची सवय असते, त्यासाठी ल्युअर पाण्यावर पडायच्या जरा आधी रिळावर बोट टेकवून लाईन हलकेच थोपवायची, सगळं सरळ होतं. माझा रॉड नऊ फुटी, रीळ ४००० मापाचं, एवढं पुरतं.

आणि उथळ, शेवाळाच्या किनाऱ्यावर हा नेऊ नका, पडताना काम करणाऱ्याला पडायला जागा तर हवी. सप्टेंबरमध्ये कोहो (सॅमनचीच दुसरी जात) वरच्या थरात लहान मासळीमागे उड्या मारत असतात तेव्हाही मी हा ठेवून बांधलेला, पटापट ओढायचा ल्युअर लावते, कोहो पाठलाग करणारा मासा आहे, त्याला थांबून बघायला सवड नसते.

सीलबद्दल काही करता येत नाही. एक चांगला मासा माझ्या पायापासून दहा फुटांवर आला असताना काळं गुळगुळीत डोकं वर आलं, माझ्याकडे बघितलं, आणि मासा घेऊन गेलं. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, तेव्हा दगडबिगड उचलायचा नाही, चरफडत लाईन गुंडाळायची. तेव्हाही ल्युअर वर सरकलेला होता म्हणून तेवढा वाचला, गेला तो फक्त मासा आणि हूक.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवा, भोकातूनही पाणी जाऊ द्या. मी एकदा विसरले, हूक तिसऱ्या दिवशी तांबूस.

तिघांचा हिशोब सांगायचा तर गुलाबी समुद्रात आहे, हिरवा नेलपॉलिश लावून अजून कामावर आहे, आणि तो ४९ ग्रॅमचा निळा मी हूक काढून भाच्याला दिलाय, मैदानात फेकायची सवय कर म्हटलं. परवा त्याने शेजारच्यांच्या झाडात अडकवला.