सहप्रवाशाच्या रेखाचित्रांतून इटली: एका पुस्तिकेचा परिचय

आमच्या इटली सहलीत गटातील एका निवृत्त वास्तुविशारदांनी काढलेल्या रेखाचित्रांची छापील पुस्तिका नुकतीच आम्हा सर्वांच्या हाती आली, आणि मोबाइलमधील असंख्य छायाचित्रांपेक्षा ती सहल या पुस्तिकेतच अधिक नेमकी उतरली आहे, असे माझे स्पष्ट मत झाले. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरील, वास्तुकार ब्रुनेलेस्कीने रचलेला व १४३६ मध्ये पूर्ण झालेला घुमट समोरासमोरच्या दोन पानांवर आहे. आतले आणि बाहेरचे अशी दोन कवचे व त्यांच्यामधून वर जाणारा जिना त्यांनी छेदचित्रात इतका स्वच्छ दाखवला आहे, की मार्गदर्शकाने घाईत सांगितलेली रचना आणि त्या ४६३ पायऱ्या चढताना भिंत अंगावर झुकल्यासारखी का वाटत होती, हे आता मला नीट उमगले.

सिएनाच्या चौकाचे चित्र मला सर्वांत प्रिय आहे. विटांच्या उतरत्या फरशीचे नऊ भाग करणाऱ्या फिकट रेषा मोजून काढल्या आहेत आणि त्यावर बसलेली आमची मंडळी पाठमोरी असूनही, कोणाच्या खांद्यावरच्या पिशवीवरून तर कोणाच्या बसण्याच्या ढबीवरून, लगेच ओळखू येतात. व्हेनिस मात्र एकाच पानात आटोपले आहे.

छपाईबद्दल तक्रार आहे. गुळगुळीत कागदामुळे जलरंगांचा ओलसरपणा हरवला असून घुमटाचा मधला भाग बांधणीत गेला आहे. पुढील आवृत्ती खरखरीत कागदावर, पाने पूर्ण उघडतील अशा शिवणीत काढावी.