घोडीचे बूट : आठ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्या पट्ट्याबद्दल

काल सकाळी उजव्या बुटाचा पट्टा हातात आला. शिवण उसवली नव्हती, बक्कलही शाबूत होतं. पट्टा रबराच्या खाचेतून जिथे वळतो, नेमका तिथेच चिरला. शेवंतीचा पाय माझ्या मांडीवर, एका हातात बूट, दुसऱ्या हातात अर्धा पट्टा. डाव्या बुटाचा पट्टा याच जागी ऑगस्टमध्ये तुटला होता. म्हणून आज लिहायलाच बसले.

बूट कोणते ते या विषयातल्यांना लगेच कळेल: काळे, पुढून उघडणारे, दोन पट्ट्यांचे, आत फोमचं पॅड, लॅमिनायटिसच्या (खुराच्या आतली वीण सुजून सैल होते तो आजार) घोड्यांसाठी म्हणून विकले जातात ते. पुढच्या दोन पायांची जोडी, पॅड आणि कुरियर धरून 23,400 रुपये. हा माझा जवळजवळ दीड महिन्याचा पगार आहे, त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात पैशाचा हिशेब येणारच.

आमचं घर निपाणीच्या बाहेर, हायवेपासून आत. आप्पा तीस वर्षं वरातीची घोडी ठेवतात. शेवंती बारा वर्षांची, पांढरी, स्वभावाने इतकी गरीब की बँडच्या ढोलाशेजारी उभी राहून डुलक्या काढते. तिचा घातही या गरीबपणानेच झाला. प्रत्येक लग्नात कुणीतरी गूळ भरवतं, कुणी पेढा, कुणी बुंदीचा लाडू. घरी हरभऱ्याची चंदी, आणि कारखाने सुरू झाले की शेजारच्या फडातून फुकट मिळणारं उसाचं वाडं. मान जाड झाली होती, मानेवरची वळी हाताला कडक लागायची. आम्ही म्हणायचो, घोडी अंगाला लागली.

फेब्रुवारीत एका वरातीहून परत आली ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी राहिली. वळायला सांगितलं तर दोन्ही पुढचे पाय एका जागी ठेवून अंग फिरवायची. आप्पा म्हणाले, पाय धरले. खुराला हात लावला तर ऊन. खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवलं तर नाडी इतक्या जोरात उडत होती की न दाबताही कळत होती. त्या रात्री बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून, फोडून, दोन घमेल्यांत तिचे पाय बुडवून ठेवले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की बर्फाचा खरा उपयोग अगदी सुरुवातीला, गुडघ्याखालपर्यंत आणि सलग दोन-तीन दिवस ठेवला तरच. आम्ही रात्रभर ठेवला, सकाळी काढला, संध्याकाळी परत ठेवला. अर्धवट काम झालं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एक्स-रेमध्ये उजव्या खुरातलं हाड फिरलेलं दिसलं आणि तळ फक्त 9 मिलिमीटर जाड. निदान 15 तरी हवा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच: खुराची भिंत आणि आतलं हाड एकमेकांत गुंतलेल्या बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. ही वीण सुजून सैल झाली की वरून घोड्याचं वजन आणि मागून स्नायूची दोरी, दोन्ही हाडाला ओढतात आणि हाडाचं टोक तळाकडे वळतं. रक्तात इन्सुलिन वाढलेलं आलं. डॉक्टर हुक्केरीकडचे, मराठी छान बोलतात, पण आप्पांना दम देताना कानडीवर आले: "बेल्ल ब्याडरी." गूळ बंद. हरभरा बंद, वाडंही बंद.

आता बूट. पहिल्या महिन्यात मला विचारलं असतं तर मी 'घेऊ नका' म्हटलं असतं. सैल बसायचे, चालताना फिरायचे, आणि टाचेच्या मऊ उंचवट्यावर चौथ्या दिवशीच साल गेली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, माप चुकलंय. खरंच चुकलं होतं. मी माप घेतलं तेव्हा खूर पुढे लांब वाढलेला होता, आणि चाचांनी, म्हणजे आमच्या नालबंदांनी, तो साळल्यावर लांबी 11 मिलिमीटरने कमी झाली. खूर आधी साळायचा आणि त्याच दिवशी रुंदी-लांबी मोजायची, हे विक्रीच्या पानावर सगळ्यात वर लिहायला हवं. तिथे ते तळाशी आहे. बदलून मिळण्यात तीन आठवडे गेले, जाण्यायेण्याचा खर्च माझ्या माथी. त्या तीन आठवड्यांत पागेत वाळू भरली आणि तंबाखूच्या वखारीतल्या जुन्या पोत्यांच्या चौघडी गाद्या करून तिच्या खुरांना बांधल्या. त्यावर ती बुटांपेक्षा बरी उभी राहायची, हेही लिहून ठेवते.

योग्य मापाचे आले तेव्हा मात्र माझं मत फिरलं. पहिल्याच दिवशी ती पागेतून अंगणात स्वतःहून आली. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. बुटाचा तळ पुढच्या बाजूला गोल साळलेला आहे, आणि या बुटातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट तीच. पाऊल उचलताना शेवटचा टेकू खुराच्या टोकावर असतो. टोक लांब राहिलं तर सैल झालेली वीण दर पावलाला उचकटते. बूट ती उचकट कमी करतो. फोम तळाला आणि टाचेला भार वाटून देतो, पुढच्या कडेवर सगळं वजन येत नाही. एवढं काम तो चोख करतो.

जूनमध्ये परत मत बदललं. पाऊस लागला आणि एका सकाळी ती उजवा पाय टेकेचना, तीन पायांवर उभी. मला वाटलं बुटाने घात केला. विक्रेत्याला पाठवायचा मजकूर रात्री लिहूनही झाला होता. डॉक्टरांनी खूर तपासला, खुराची भिंत आणि तळ जुळतात त्या पांढऱ्या रेषेजवळ एक काळा ठिपका दिसला, तिथून सुरीने जेमतेम वाट केली आणि करडा, घाण वासाचा पू बाहेर आला. लॅमिनायटिसनंतर काही आठवड्यांनी असं गळू होणं नेहमीचं आहे म्हणे, मेलेला भाग बाहेर पडायला वाट शोधतो. एप्सम सॉल्टच्या पाण्यात पाय, वर पोटीस, आणि तिसऱ्या दिवशी चौथा पाय जमिनीवर. मजकूर मी पुसून टाकला. बुटाचा दोष इतकाच की आतल्या दमटपणामुळे तो ठिपका मला आधी दिसला नाही.

दमटपणा ही खरी अडचण आहे. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बूट चोवीस तास ठेवले तर खुराखालच्या त्रिकोणी मऊ भागाशेजारच्या खाचा चार दिवसांत सडतात, काळं मेणासारखं निघतं. आता मी रात्री बूट काढते, खाचा ब्रशने साफ करते, सुती कपड्याने टिपते, आणि सकाळी आप्पांचा जुना सुती मोजा खुरावर चढवून मग बूट. टाचेची सालही मोज्यानेच थांबली. रात्री खाली वाळू असते, त्यामुळे बूट नसले तरी चालतं.

पॅडबद्दल. कंपनीचं पॅड सुंदर आहे आणि तीन-साडेतीन आठवड्यांत चपातीसारखं बसतं. नवी जोडी 1,800 रुपये. आठ महिन्यांत आठ-नऊ जोड्या म्हणजे बुटांच्या किमतीच्या जवळजवळ दोन तृतीयांश. मी बेळगावातून व्यायामाच्या खोलीत घालतात त्या जाड फोमच्या चटईचे तुकडे आणले, जुनं पॅड ठेवून पेनाने आखलं, कटरने कापलं. एका चटईत सहा जोड्या निघाल्या, 260 रुपये. डॉक्टरांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि चालेल म्हणाले, फक्त दर आठवड्याला बघत जा. या बाबतीत कंपनीचं पॅड घेण्याचं मला काहीच कारण दिसत नाही.

आणि आता पट्टा. वेलक्रोचा हा पट्टा इथल्या पागेसाठी केलेलाच नाही. सुक्या गवताची कुसळं त्याच्या काट्यांत अडकतात. पहिल्या महिन्यात मी सुईने एकेक काढायची. मग त्यात चिखल वाळतो. मग पट्टा धरत नाही म्हणून आपण जास्त ओढतो, आणि खाचेच्या कडेवर, जिथे रबर तासल्यासारखं धारदार सोडलंय, तिथे तो रोज थोडा थोडा कापला जातो. डावा पट्टा तुटला तेव्हा मी फक्त पट्टा मागितला. पट्टा सुटा मिळत नाही, बूट घ्या, असं उत्तर. व्हिडिओ मागितला, पाठवला. दहा दिवसांनी कळवलं की हा वापरातला हलगर्जीपणा आहे, हमीत बसत नाही. आजारी घोडीसाठी अकरा-बारा हजारांचा बूट विकणाऱ्याने चाळीस-पन्नास रुपयांच्या पट्ट्यावाचून तिला अडवून ठेवावं, याचा मला जितका राग आला तितका या आठ महिन्यांत कशाचाच आला नाही. घोडीच्या तळात 9 मिलिमीटर शिल्लक असताना एक दिवस बूट नसणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

डावा पट्टा शेवटी अथणीत झाला. अथणीला चपलांची परंपरा आहे; कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. आप्पांच्या ओळखीच्या कारागिराने तुटका पट्टा हातात घेऊन दोनदा वळवून पाहिला आणि सांगितलं, ही खाच आधी घासा, नाहीतर माझाही पट्टा कापेल. त्याने बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्याचा दुपदरी पट्टा केला, वळणाच्या जागी पातळ केला, वेलक्रोच्या जागी पितळी बक्कल आणि पाच भोकं. 180 रुपये. आप्पांनी कानशीने खाच गोल केली. तीन महिने झाले, रोज घालतो-काढतो, पट्टा जसाच्या तसा. आठवड्यातून एकदा थोडं एरंडेल लावते. पाच भोकांमुळे आज किती घट्ट आहे हेही कळतं. वेलक्रोत ते कळायचं नाही.

चाचांबद्दल लिहायलाच हवं, कारण बुटाचं अर्धं श्रेय त्यांचं आहे. आमचे नालबंद चाळीस वर्षं हे काम करतात. सुरुवातीला ते नाल ठोकायच्या आणि तळ कोरून पातळ करायच्या तयारीत होते. "तळ मोकळा केला की आग उतरते, पोरी," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे उन्हात धरून दाखवला. चाचा बराच वेळ बघत राहिले. मग सुरी पिशवीत ठेवली आणि कानस काढली. तेव्हापासून दर पाच आठवड्यांनी येतात, तळाला हात लावत नाहीत, पुढचं टोक मागे घेतात, टाच थोडीशी उतरवतात. हे न करता नुसते बूट घातले असते तर माझे पैसे खरंच वाया गेले असते.

खाण्याचं थोडक्यात. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले 11,880, की वजन किलोत येतं. मार्चमध्ये घेर 181, लांबी 150, वजन 413. डॉक्टरांनी वजनाच्या दीड टक्का सुकं गवत सांगितलं, म्हणजे 6 किलो 200 ग्रॅम. कोरडं तोलायचं, तासभर पाण्यात भिजवायचं म्हणजे साखर उतरते, आणि ते पाणी फेकून द्यायचं. आता घेर 172, वजन 373. आप्पांना हे सगळ्यात जड गेलं. ती त्यांच्या खिशाला नाक लावते आणि खिशात काही नसतं.

दर महिन्याच्या एक तारखेला मी शाळेची पट्टी घेऊन बसते. आजारानंतर वाढलेला नवा खूर वेगळा ओळखू येतो: वरून सरळ, गुळगुळीत उतरतो आणि मग एका आडव्या वळीपाशी जुना भाग पुढे फेकलेला दिसतो. ती वळी केसांच्या कडेपासून मार्चअखेर 6 मिलिमीटरवर होती. आज 58 वर आहे. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे शेवंती हळू वाढवते, पण सरळ वाढवते. मागच्या एक्स-रेत तळ 14 होता. जुना भाग पूर्ण खाली सरकून जायला अजून तीन-चार महिने लागतील.

तुळशीचं लग्न झालं की सिझन सुरू. चार जण सुपारी घेऊन आले होते. आप्पांनी चारही परत केल्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, म्हणाले. डांबरावर तासन्‌तास उभं राहणं तिच्या पायांना आता परवडणार नाही, हे त्यांनी कुणी न सांगता ठरवलंय.

बूट घ्यावेत का? एक्स-रे झाला असेल, खूर साळणारा माणूस ऐकणारा असेल आणि गूळ बंद झाला असेल तर घ्या. मी पुन्हा घेईन, पण या विक्रेत्याकडून नाही. आल्या दिवशीच खाच कानशीने घासा आणि पट्ट्याचं माप काढून ठेवा. माझ्या मापाच्या बुटाला लांबी 31 सेंटिमीटर, रुंदी साडेतीन, वळणाच्या जागी जाडी 3 मिलिमीटरच्या वर नको.

उजवा पट्टा घेऊन आप्पा आज पहाटेच्या गाडीने चिक्कोडीवरून अथणीला गेलेत. संध्याकाळपर्यंत परत येतील. तोवर तिच्या उजव्या खुराला पोत्याची गादी बांधली आहे, आणि ती अंगणात पेरूच्या झाडाखाली चारही पाय सारखे टेकून उभी आहे.