कानात घालायचे फोमचे बोळे, ८० रुपयांत २ जोड्या : पुणे-नागपूर थर्ड एसीत एक रात्र वापरून लिहितेय

आधी वस्तू काय ते सांगते. मेडिकलच्या काउंटरवर ठेवलेले असतात ते नारिंगी रंगाचे, बोटात दाबले की बारीक होतात आणि सोडले की हळूहळू फुगतात. दुकानदार इअरप्लग म्हणाला, आमच्या घरी बोळेच म्हणतात, कापसाचे असोत नाहीतर फोमचे. ८० रुपयांची डबी, आत २ जोड्या, एक साधी आणि एक निळ्या दोरीची. दोरीवालीचं शेवटी सांगते. कंपनी कुठली ते विचारू नका, आठवत नाही, आणि माझ्या मते सगळे सारखेच असतात.

घ्यायची वेळ का आली तर मागच्या दिवाळीला नागपूरला जाताना समोरच्या बर्थवरचे एक गृहस्थ रात्री साडेबारापर्यंत स्पीकरवर व्हिडिओ कॉल करत होते, भाचीचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा, एकेक नातेवाईक जोडला जातोय, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं जातंय. मनमाड येईपर्यंत मलाच नावं सुचायला लागली होती आणि एक तर मी जवळजवळ बोलून दाखवणार होते. तर या खेपेला ठरवलं की लोकं सुधारायची वाट बघायची नाही, आपलेच कान बंद करायचे.

गाडी संध्याकाळची. तिकीट ६० दिवस आधी, खिडकी उघडल्या उघडल्या काढलेलं, लोअर बर्थ. आता एकटी बाई आणि लोअर बर्थ म्हणजे काय असतं ते ज्यांनी प्रवास केलाय त्यांना माहितेय, ती सीट आपली नसतेच, ती डब्याची सार्वजनिक मालमत्ता असते. गाडी सुटून पाच मिनिटं नाही झाली तर एक तरुण मुलगा, "ताई, तुम्ही एकट्याच आहात ना?" हा प्रश्न नसतो हो, पुढच्या वाक्याची प्रस्तावना असते. तुम्ही एकट्याच आहात, आमचा ग्रुप आहे, तर तुम्ही बी-फोरला जा, तिथे अप्पर आहे, ॲडजस्ट करा ना. कशासाठी तर पत्ते खेळायला. मी नाही म्हणलं तर चेहरा असा केला जसं मी त्याच्या बहिणीचं लग्न मोडलं. कोणी गरोदर असेल, म्हातारं माणूस असेल, गुडघे दुखत असतील तर मी स्वतः उठते, उठलेली आहे. पण ॲडजस्ट या शब्दाचा अर्थ आपल्याकडे कायम "तुम्ही करा" असाच का होतो ते मला अजून कळलेलं नाही.

समोरच्या लोअरवर एक आजी, त्यांच्यावर मिडलला आजोबा, दोघं शेगावला उतरणारे. त्यांचं सामान त्यांच्या बर्थखाली मावेना म्हणून एक बॅग माझ्याखाली सरकवली, मी हो म्हणलं, मग पुढे माझी बॅग लावली आणि साखळी-कुलूप घातलं. हे लक्षात ठेवा.

माझ्यावर मिडलला रील्सवाले काका. पन्नाशीचे असतील, शर्टाच्या खिशात दोन पेन, बाकी माणूस सभ्य, पण मोबाईल फुल आवाजात. आणि एक रील सलग बघतील तर शप्पथ, चार सेकंद हे, पाच सेकंद ते, मध्येच कुणीतरी खदाखदा हसतंय, मध्येच कीर्तन, मध्येच शेअर मार्केट. दहापर्यंत ते माझ्या सीटवर बसलेले, तो त्यांचा हक्क आहे, मान्य, मिडलवाल्याने दिवसा बसायचं कुठे. नियम असा आहे की रात्री १० ते सकाळी ६ मिडल बर्थ उघडता येतो, त्या वेळात खालच्याला झोपू द्यायचं. सव्वादहाला मी म्हणलं काका बर्थ लावूया का, तर "एवढ्यात काय झोपता मॅडम, आत्ता कुठे दौंड गेलं". साडेअकराला गेले वर. वर गेले म्हणजे आवाज पण वर गेला एवढंच.

मोठ्याने गाणी, फोनवर आरडाओरडा, रात्री १० नंतर हे चालत नाही असं रेल्वेने सांगून ठेवलंय. १३९ वर तक्रार करता येते, रेलमदद ॲप आहे, कोणीतरी येतं पण बऱ्याचदा. पण तक्रार करून झाल्यावर त्याच माणसाच्या खाली रात्रभर झोपायचं असतं ना. आणि सकाळी नागपूरला उतरेपर्यंत त्याची बायको, मेहुणा आणि अख्खा कंपार्टमेंट तुमच्याकडे बघत असतो. म्हणून बोळे.

आता खरा रिव्ह्यू. घालायची पद्धत आहे, नुसते कोंबले तर पैसे वाया. शेवई वळतो तसा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तो आत फुगतो. अर्धवट बाहेर राहिला तर फुगतो पण बाहेरच, उपयोग शून्य. माझा डावा पहिल्यांदा बसला, उजव्याला तीन वेळा झटापट. डबीवर ३२ डेसिबल लिहिलंय, पण तो आकडा लॅबमध्ये नीट बसवून मोजलेला, गाडीत झोपेत कूस बदलताना त्यापेक्षा बरंच कमी मिळतं हे धरून चाला.

पण फरक पडतो, आणि कुठे पडतो ते इंटरेस्टिंग आहे. मोबाईलच्या स्पीकरचा आवाज चिरका असतो, पातळ, तो फोम मस्त खातो. काकांच्या रील्स एकदम शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेल्यासारख्या झाल्या. गाडीची धडधड मात्र येतेच, जड आवाज फोमला कमी दाद देतो आणि बर्थमधून हाडांत शिरतो तो वेगळाच. ती मला चालते, लहानपणापासून त्याच तालावर झोपलेय. भावाकडे नॉइज कॅन्सलिंगचे महागडे हेडफोन आहेत, त्यांचं बरोब्बर उलटं, एसीची घरघर जाते आणि शेजाऱ्याचं भांडण जास्त स्पष्ट ऐकू येतं. शिवाय ते घालून कुशीवर झोपून दाखवा.

तोटे. बोळे घालून खाऊ नका, मी भडंगाची मूठ तोंडात टाकली आणि कवटीत पिठाची गिरणी सुरू झाली. स्वतःचा आवाज घुमतो त्यामुळे आपण मोठ्याने बोलतोय की हळू कळत नाही. तीन-चार तासांनी कान जरा दुखतात. धुवून परत परत वापरायच्या लायकीचे नाहीत, मळले की टाका. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ते काम करतात.

पहाटे पाचच्या सुमाराला मला कुणीतरी गदागदा हलवत होतं. डोळे उघडले तर समोर आजोबा, तोंड हलतंय, आवाज नाही, मागे आजी, त्यांच्या मागे अर्धा डबा. मी एक बोळा काढला आणि पहिलं वाक्य कानात शिरलं ते "बहिरी आहे का काय ही, आजकालच्या पोरींना माज आलाय नुसता." शेगाव आलं होतं. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं. त्यांची बॅग माझ्या बॅगेच्या मागे, माझी बॅग साखळीत, किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स उशाखाली, आणि मी फोमच्या कृपेने गाढ. दहा मिनिटं हाका मारत होते म्हणे. पत्तेवाला पोरगा पण आला होता तमाशा बघायला आणि खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवत नव्हता.

किल्ली सापडेना, मग सापडली, मग अंधारात कुलपाला लागेना. शेवटी काकांनी वरून मोबाईलचा टॉर्च धरला, रील तशीच चालू, एक बाई मिसळीचा मसाला सांगतेय आणि मी गुडघ्यावर बसून कुलूप उघडतेय. बॅग काढली, दारापर्यंत धावत नेली, आजोबा माझ्याकडे न बघता उतरले. आजींनी मात्र पायरीवरून वळून माझ्या कानाकडे बोट केलं, दुसरा बोळा अजून तसाच होता. "कान दुखून रायला का वं बाई?" मी नाही म्हणलं, मग हो म्हणलं, गाडी हलली.

त्या आजोबांच्या घरी आज कुणी आलं असेल तर गाडीतल्या त्या माजोरड्या पोरीची गोष्ट नक्की सांगितली असणार. आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर एक शब्द खोटा नाही त्यात. मी रात्रभर माझ्या हक्काचा हिशोब करत बसले आणि दुसऱ्याच्या बॅगेपुढे कुलूप लावून कान बंद करून झोपले. तर सूचना एवढीच, रात्री उतरणारं कुणी जवळ असेल तर बोळे घालायच्या आधी विचारून ठेवा, आणि तुमचं स्वतःचं स्टेशन पहाटेचं असेल तर फोन व्हायब्रेटवर मुठीत धरून झोपा, अलार्म ऐकू येणार नाही.

पाचपैकी साडेतीन. आवाजाला साडेचार, बाकीचं माझ्या खात्यात कापलंय.

आता दोरीवाली जोडी. अकोला गेल्यावर झोप काही लागेना म्हणून बसून होते तर काका वरून वाकले. "मॅडम, ते कानातलं कुठे मिळतं?" मी म्हणलं मेडिकलमध्ये. "घ्यायला पाहिजे," म्हणाले, "गाडीत लोकं फार आवाज करतात हो, झोपच लागत नाही." हातातल्या मोबाईलवर कुणीतरी हसत होतं. मी डबी उघडून दोरीवाली त्यांना देऊन टाकली, त्यामुळे ती कशी आहे ते मला सांगता येणार नाही.