लादीखालची ओल आणि माझे ३७,७०० रुपये

मे महिन्याच्या अखेरीस खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली, तेव्हा आमच्या हॉलमधील लाद्यांच्या सांध्यांतून पांढरा खार फुटू लागला होता आणि भिंतीलगतच्या चार लाद्या ठोकल्यावर पोकळ वाजत होत्या. पावसाळा तोंडावर, शेजाऱ्यांचे रोज दोन फोन, अशा वेळी एकही लादी न फोडता गळती बंद करून देणारा माणूस दारात उभा राहिला, तर कोणीही त्याला आत घेतले असते, असे मी अजूनही स्वतःला समजावतो.

त्याने दोन सुयांचे, ओलावा मोजणारे यंत्र सांध्यावर टेकवले आणि ते किंचाळू लागले. पत्नी म्हणाली, “अहो, तिथली फरशी मी आत्ताच पुसली आहे.” तो हसून म्हणाला, “वहिनी, ही ओल वरची नाही, स्लॅबमधली आहे.” आणि तीस वर्षे इतरांचे हिशेब तपासण्यात घालवलेल्या मी पत्नीलाच गप्प केले! तेच यंत्र बेडरूममधील कोरड्या लादीला लावून दाखव, एवढे साधे वाक्य मला सुचू नये? ते यंत्र पाणी मोजत नाही, विजेचे वहन मोजते, आणि खार साचलेली जागा जवळजवळ कोरडी असली तरी आकडा फुगवून दाखवते, हे मला नंतर कळले.

फरशीत छिद्रे पाडून त्यांत रसायन भरायचे, हा त्याचा उपाय. प्रत्येक छिद्राचे ६५० रुपये, अशी ४८ छिद्रे, म्हणजे ३१,२०० रुपये. त्यावर ‘बुरशीनाशक प्रक्रिये’चे ६,५००. सगळे रोख, पावती नाही, फक्त दहा वर्षांच्या हमीचा रंगीत कागद, ज्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. छिद्रांत भरायचे ‘परदेशी’ रसायन पाण्याशी संयोग होताच फुगते, असे त्याने सांगितले होते. वर्तमानपत्रावर सांडलेला त्याचा ओघळ दुसऱ्या दिवशी मी नखाने खरवडला, तेव्हा त्याचा पांढऱ्या सिमेंटसारखा भुगा झाला. फुगणारे खरे रसायन काँक्रीटच्या भेगांत उपयोगी पडते, पण दाबाखालची नळवाहिनी गळत असेल, तर तेही पाण्याला केवळ दुसरी वाट शोधायला लावते.

अकराव्या दिवशी शेजाऱ्यांच्या छताचे पोपडे पडले. मग ओळखीच्या प्लंबरने सगळे नळ बंद करून आमच्या जोडणीचा पाण्याचा मीटर पाहायला लावला. काटा सरकतच होता, म्हणजे पाणी नळवाहिनीतूनच गळत होते. ही तपासणी फुकट होते, ती आधी करा. मीटर स्थिर राहिला, तरच नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघरातील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यात, रंगीत पाणी सोडून खाली रंग उतरतो का ते पाहा. आमच्याकडे बेसिनमागची, भिंतीत पुरलेली नळवाहिनी एका एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, गळत होती आणि ते पाणी लाद्यांखालच्या भरीतून बारा फूट हॉलपर्यंत आले होते. सहा लाद्या फोडून दुरुस्तीला ७,४०० रुपये लागले. शेजाऱ्यांच्या छताचे ९,५०० वेगळे.

त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता आणि हमीपत्रावरच्या पत्त्यावर कुलूपबंद गाळा होता. पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्या खेपेला अर्ज ‘योग्य नमुन्यात’ नव्हता आणि तिसऱ्या खेपेला, “पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, हा दिवाणी मामला आहे,” असे ऐकवून पोचेचा शिक्का तेवढा दिला. वॉर्ड ऑफिसने अंतर्गत गळतीशी आपला संबंध नसल्याचे सांगितले, जणू मी त्यांच्याकडे प्लंबर मागायला गेलो होतो. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि वीस दिवसांनी समोरून प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर मी तक्रार केली होती!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, म्हणून मी तिथे जाणार आहे. पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. तेव्हा काम देण्यापूर्वी दुकान प्रत्यक्ष पाहून या, रोख देऊ नका, आणि घरातील बाई फरशी ओली आहे म्हणाली, तर आधी तिचे ऐका. आमच्या हॉलमध्ये ती ४८ छिद्रे अजून तशीच आहेत. पत्नी फरशी पुसताना त्यांच्यावरून फडके फिरवते आणि काही बोलत नाही.