एसी लोकलचे दहा महिने: गारव्यापेक्षा दार मोलाचं

डोंबिवली ते दादर, आठवड्यातले सहा दिवस. वीस वर्षं साध्या लोकलने गेलो. गेले दहा महिने एसीचा पास काढतोय, म्हणून अनुभव लिहितोय.

आधी पैशांचं. मे 2022 मध्ये एसीचं एकेरी तिकीट निम्म्यावर आलं. पाच किलोमीटरला 65 रुपये पडायचे, ते 30 झाले. मासिक पासाला मात्र ती सवलत मिळाली नाही, आणि रोज जाणाऱ्याचा सगळा हिशोब पासावर असतो. सेकंड क्लासमधून आलेल्याला हा पास जड जातो. मलाही जातो.

गारवा छान आहे, शर्ट न भिजता ऑफिसला पोचतो. पण मी पैसे मोजतो ते दारासाठी. सगळी दारं लागल्याशिवाय ही गाडी हलत नाही. ठाण्याला लोंढा आत घुसतो, कुणाची तरी बॅग अडकते, दार अर्धं येऊन परत उघडतं. "भाऊ, आत सरका ना!" असा ओरडा होतो, गाडी खोळंबते, मागच्या गाड्याही रखडतात. पहिले दोन महिने मला याचा फार राग यायचा. आता येत नाही.

कारण दिवा सुटलं की मुंब्र्याचं वळण येतं. 9 जून 2025 च्या सकाळी तिथेच, शेजारून गेलेल्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. माणसं गेली. त्या वळणावर एका हाताने दांडा धरून, पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन मी किती वर्षं उभा राहिलोय! आता तिथून जाताना बंद काचेतून खाडी दिसते. दर वेळी पोटात कालवतं.

पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला बोरिवली–चर्चगेट धावली. आमच्या मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर कुर्ल्यापुढचे जुने पूल ठेंगणे आणि त्या गाडीची उंची जास्त, म्हणून आम्हाला डिसेंबर 2020 पर्यंत थांबावं लागलं. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक एसीविरुद्ध उतरले आणि नव्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. ते लोक चुकले असं मी आजही म्हणणार नाही. नवी एसी येते ती साध्या गाडीच्या जागी. एप्रिल 2025 मध्ये मेन लाइनवरच्या एसी फेऱ्या 66 च्या 80 झाल्या, पण मध्य रेल्वेच्या एकूण फेऱ्या 1810 च राहिल्या. म्हणजे ज्याला पास परवडत नाही, त्याच्या वाट्याची एक गाडी गेली आणि पुढच्या गाडीच्या दारात आणखी दहा जण लटकले. माझी सोय त्यांच्या जिवावर होते, ही बोच जात नाही.

मुंब्र्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली: दारांना हवेच्या झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा, डबे आतून जोडलेले. मला एसीपेक्षा याची घाई वाटते. थंड हवा परवडेल त्याने घ्यावी, दार सगळ्यांना हवं.

माझ्या मुलाच्या कॉलेजच्या वेळेला एसी नाही. तो साध्या लोकलने जातो. चढला की मेसेज टाकतो, "आत आहे." तो मेसेज येईपर्यंत मी फोन खिशात ठेवत नाही.