सांता खराच आहे म्हणायचं, की सगळ्यांनी मिळून खेळायचं?

नाताळ जवळ आला की लहान मूल असलेल्या घरात हे ठरवावं लागतं. आमच्या मते निर्णय दोन गोष्टींवर घ्यावा: मुलाचं वय आणि घरात मोठं भावंड आहे का.

‘खरा’ सांता तीन ते सहा वर्षांच्या मुलांत सर्वांत रंगतो. रात्री मोजा टांगायचा नि सकाळी तो फुगलेला सापडायचा, हा आनंद जपण्यासारखाच आहे. पण तयारी नीट हवी. सांताच्या भेटीचा कागद घरात दुसरीकडे कुठेही दिसू नये आणि चिठ्ठी आईबाबांच्या अक्षरात नसावी. बिंग फुटतं ते याच दोन गोष्टींनी, नाहीतर किमतीचं लेबल काढायचं राहिल्याने. सांताच्या नावावर एकच छोटी वस्तू ठेवा, महागडी आईबाबांच्या नावावर द्या. नाहीतर ज्या मित्राला सांताने रंगपेटीच दिली, त्याला वाटतं, आपण वाईट वागलो. पत्र धाडायचं तर कॅनडाच्या टपाल खात्याचा पत्ता आहे: सांताक्लॉज, नॉर्थ पोल, H0H 0H0 (हा पिनकोड), कॅनडा. परतीचा पूर्ण पत्ता लिहायला विसरू नका.

खेळातल्या सांताला लपवाछपवी लागत नाही. टोपी आळीपाळीने घालायची, ज्याच्याकडे टोपी तो त्या रात्रीचा सांता. मोठं भावंड असेल तर हाच मार्ग घ्या. त्याच्याकडून गुपित फार दिवस टिकत नाही. फक्त इतर मुलांचा सांता मोडायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पहिल्या मार्गाची खरी कसोटी सातव्या वर्षाच्या आसपास लागते. मानसशास्त्रज्ञ अँडरसन आणि प्रेंटिस यांच्या 1994 मधल्या अभ्यासात सत्य कळल्यावर बहुतेक मुलांनी ते चांगल्या मनाने घेतलं होतं, वाईट वाटलं ते जास्त करून पालकांना. म्हणून पहिल्या शंकेला “तुला काय वाटतं?” एवढंच विचारा. “खरं सांग” असं म्हटलं, की मात्र खरंच सांगा. तेव्हा ज्याच्यावरून सांता आला, त्या चौथ्या शतकातल्या मायराच्या (आजच्या तुर्कीतल्या) बिशप निकोलसची आख्यायिका उपयोगी पडते: तीन गरीब बहिणींच्या घरात तो रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकून गेला. ही गोष्ट ऐकल्यावर पुढच्या नाताळला मूल आपणहून देणाऱ्यांच्या बाजूला येऊ शकतं.

“सांता बघतोय हं” ही धमकी दोन्हीकडे टाळा. भीती शिरली की नवल उरत नाही, आणि भेट तर शेवटी मिळतेच, त्यामुळे धमकीही पोकळ ठरते.